पिवळ्या पानाचा पंचनामा

एक पान पिवळे पडत आहे, सबब ते गळण्यापूर्वी त्याचा रीतसर पंचनामा व्हावा, अशी मागणी घेऊन माझ्या टेबलापाशी आजवर एकच इसम आलेला आहे. तीस वर्षांच्या लेखनात मी जमिनीचे, रस्त्याचे, विहिरीचे, नवऱ्याचे, बकरीचे आणि एकदा लग्नातल्या लाऊडस्पीकरचे अर्ज लिहिले. परंतु पानाच्या बाजूने कागद करण्याचा योग श्री. पुरुषोत्तमराव डहाळे यांच्यामुळेच आला. आडनावातच डहाळी असलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी काय ठेवावी?

बऱ्हाणपूरच्या कचेरीच्या भिंतीलगत, कडुलिंबाखाली जे टेबल आहे, ते माझे. लोक मला मुन्शीजी म्हणतात. वास्तविक मी अर्जनवीस आहे. शाळा मी नववीत आटोपती घेतली. भाषा मी सरकारी कागदांवर शिकलो, आणि पदव्या घेतलेल्या लोकांची वाक्ये मी रोज सरळ करून देतो. दिवसभर हिंदी लिहितो. प्रस्तुत मजकूर मात्र मराठीत लिहीत आहे, कारण प्रस्तुत मनुष्य मराठीतच नीट मावतो.

तर त्या पहिल्या दिवशी डहाळे आले ते छातीशी एक कुंडी धरून. कुंडीवर ओला पंचा होता. त्यांनी आजूबाजूला पाहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मुन्शीजी, अजून गेलेलं नाही. जायच्या बेतात आहे. जिवंतपणीच लिहून घ्या."

मी तत्काळ मृत्युपत्राचा कागद काढला. अशा वेळी विलंब बरा नसतो. वारस तोवर पोहोचतात.

"जाणाऱ्याचे नाव?"

"नाव कसलं? पान आहे," असे म्हणून त्यांनी पंचा उचलला.

आत एक ऑर्किड होते. ज्यांनी हे झाड पाहिलेले नाही त्यांच्या माहितीसाठी नमूद करतो की, या झाडाच्या कुंडीत माती नसते. कोळसा आणि झाडाची सालपटे असतात. पाच-सहा जाड पाने असतात, बैलाच्या जिभेसारखी. मुळे कुंडीत राहण्याऐवजी बाहेर लोंबतात. वर्षातून एकदा फुले येतात, ती दोन-तीन महिने टिकतात आणि त्यांना वास म्हणून नसतो. ज्या फुलाला वास नाही ते देवाला चालत नाही आणि बायका वेणीत घालत नाहीत, मग ते टिकणारच.

सर्वांत खालचे पान टोकाकडून पिवळे पडले होते. मी म्हणालो, "ओढून टाका."

डहाळ्यांनी पंचा परत झाकला. पानाने ऐकू नये म्हणून झाकला, असा माझा समज आहे.

"पान काढायचं नसतं, मुन्शीजी. पान सुटतं. त्याचा जीव वरच्या पानांत जातो, हळूहळू. त्याचं काम संपलं की ते स्वतः राजीनामा देतं. आपण फक्त मंजूर करायचा. घाई नको."

"घाई नको" हे त्यांचे ब्रीदवाक्य. रस्ता ओलांडताना, जेवताना, सरकारी फॉर्मवर सही करताना, सर्वत्र घाई नको. मी त्यांचा पंचनामा लिहिला, तो असा: "कुंडी क्रमांक एक. खालून पहिले पान, लांबी एक वीत. टोकापासून दोन बोटे पिवळे, देठाशी हिरवे. पान ओढण्यात, पिळण्यात वा वाकविण्यात आलेले नाही. पानावर कोणाचाही दबाव नाही." पंच म्हणून मी सही केली आणि शेजारच्या चहावाल्याला बोलावले.

"क्या हुआ बाबूजी, कोई खतम हो गया?" त्याने पेन हातात घेत विचारले.

"अभी नहीं," डहाळे गंभीरपणे म्हणाले. "चार-छे दिन और निकालेगा."

चहावाल्याने कपाळाला हात लावून सही केली.

डहाळे आणि मी शनवारा मोहल्ल्यात एकाच गल्लीत राहतो. ते मूळचे महाराष्ट्रातले. नेपानगरकडच्या कागद कारखान्यात त्यांचा जन्म गेला. काम काय, तर कागदाचे ताव भराभर उलटायचे आणि डागाळलेला, दुमडलेला, विरळ ताव अंगठ्याच्या एका झटक्याने बाहेर फेकायचा. मी जुन्या कामगारांकडून ऐकले आहे की, डहाळ्यांच्या अंगठ्याखालून खराब ताव कधी निसटला नाही. ज्या मनुष्याने आयुष्यभर एवढ्या निर्दयपणे तावांना घरी पाठवले, तोच निवृत्त झाल्यावर एका पिवळ्या पानासाठी साक्षीदार गोळा करत हिंडतो, याला माझ्या मते प्रायश्चित्तापेक्षा फावला वेळ अधिक कारणीभूत आहे.

हे झाड त्यांच्या घरी कसे आले, तोही प्रसंग ऐकण्यासारखा आहे. मुलगा-सून पुण्यात. चार वर्षांपूर्वी सुनेचे बाळंतपण आले, तेव्हा डहाळ्यांच्या पत्नी विमलबाई "सहा महिन्यांसाठी" पुण्याला गेल्या. नेणारा मुलगा परतीच्या गाडीने एकटा आला आणि वडिलांच्या हाती ही कुंडी देऊन गेला. सुनेने पाठवली होती, "बाबांना सोबत म्हणून." सासू घेतली आणि बदल्यात कुंडी दिली, असा विनिमय माझ्या पाहण्यातल्या कोणत्याही दस्तऐवजात नाही. ते सहा महिने अद्याप संपलेले नाहीत. पहिला नातू आता शाळेत जातो आणि दुसरा रांगतो. "तुम्ही का जात नाही पुण्याला?" असे विचारले की डहाळे म्हणत, "जातो ना. दिवाळीत चार दिवस जातो. तिथं खोल्या दोनच. आणि झाडांना कोण बघणार?"

झाडांना, असे अनेकवचन ते वापरत, कारण तोवर कुंड्या तीन झाल्या होत्या. दुसरी आणि तिसरी त्यांनी रोपवाटिकेतून आणली. तेव्हा मी सोबत होतो. माळ्याने उत्तम, तुकतुकीत, हिरवीगार झाडे पुढे केली. डहाळे त्यांच्याकडे ढुंकून न पाहता कोपऱ्यात गेले आणि दोन मरतुकडी झाडे उचलून लावली. प्रत्येकाचे एकेक पान पिवळे.

"बाबूजी, ये तो बीमार है। फेंकने को रखा है," माळी म्हणाला.

"यही दे दो."

"अच्छावाला ले लो ना, उसी दाम में!"

"अच्छावाला क्या करूँगा?" डहाळे म्हणाले.

माळ्याने माझ्याकडे पाहिले. मी आकाशाकडे पाहिले. ओळखीचा मनुष्य सार्वजनिक ठिकाणी असे वागू लागला की आकाश फार उपयोगी पडते.

आमचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगणे नको. मे महिन्यात येथे केळीची पानेसुद्धा करपून चिंध्या होतात. ऑर्किडला म्हणे सावली, ओलावा आणि गारवा लागतो, म्हणजे बऱ्हाणपूर सोडून बाकी सर्व लागते. डहाळ्यांच्या घरात कूलर एकच. तो खोलीत तीन कुंड्यांसमोर चालतो आणि घरमालक ओसरीवर हातपंख्याने वारा घेत बसतो. खिडकीला वाळ्याचा पडदा, तोही झाडांच्या बाजूला. एकदा भर दुपारी मी गेलो आणि आत बसू म्हणालो, तर म्हणाले, "आत नको, तुमच्या अंगाची गरमी त्यांना लागेल." मी पुष्कळ अपमान सहन केलेले आहेत, कचेरीच्या भिंतीशी बसणाऱ्याला ते करावेच लागतात, पण कुंडीच्या तुलनेत मला प्रथमच उष्ण ठरवण्यात आले.

गल्लीने त्यांना 'पानवाले' नाव ठेवले. याचा त्यांना त्रास असा झाला की, एका वरातीतले दोन पाहुणे रात्री त्यांच्या दारात उभे राहून "दो मीठा पत्ता, गुलकंद ज्यादा" अशी ऑर्डर देऊन गेले. डहाळ्यांनी त्यांना शांतपणे ओसरीवर बसवले आणि पान कसे सुटते हे समजावून सांगितले. वरात पुढे निघून गेली.

त्यांची दृष्टी स्वतःच्या घरापुरती राहती तरी चालले असते. एका बँकेत साहेबांच्या टेबलावर ऑर्किड दिसले आणि डहाळ्यांनी दर आठवड्याला तेथे जाऊन त्याची पाने तपासण्यास प्रारंभ केला. तिसऱ्या महिन्यात त्यांनी साहेबांना लेखी अभिप्राय दिला, अर्थात मीच लिहिलेला: "झाडाची प्रकृती असामान्यरीत्या उत्तम आहे. तीन महिन्यांत एकही पान पिवळे नाही. आपण काय घालता हे कळावे." साहेबांनी उलट टपाली उत्तर दिले नाही, तोंडी दिले. झाड प्लॅस्टिकचे होते. दर शनिवारी त्याला फडके मारत.

"मला शंका आलीच होती," डहाळे परतताना म्हणाले. "ज्याचं काहीच बिघडत नाही, त्याच्याशी बोलायचं तरी काय?"

मी त्या वाक्याकडे तेव्हा लक्ष दिले नाही. वाक्ये ऐकणे हा माझा धंदा असूनही दिले नाही, हे येथे कबूल करतो.

पंचनामे मात्र चालू राहिले. पान कोठवर पिवळे झाले याचा दर आठवड्याला पुरवणी पंचनामा होत असे. एकदा मी वैतागून विचारले, "अहो, पण हे सादर कोठे करायचे असते?"

"घरात विचारणा होते," ते म्हणाले.

"कोण करते?"

"मंडळी."

"त्या तर पुण्यात!"

"तिथूनच. दर रविवारी दहा वाजता, व्हिडिओवर. मी पान ओढलं नाही ना, अशी तिला शंका असते. मग मी तुमचा कागद वाचून दाखवतो."

माझे लेखन पुण्यात वाचले जाते, ही बाब मला अगदीच अप्रिय वाटली नाही. तथापि या मनुष्याविषयीचे माझे मत त्या दिवशी निश्चित झाले: हा बायकोला भितो. दुसरे नवरे बायको घरात असताना भितात. हा ती शेकडो मैलांवर असताना, साक्षीपुराव्यासह भितो. मी ही गोष्ट कडुलिंबाखाली सर्वांना सांगितली आणि सर्व जण पोट धरून हसले. रविवारी दहा वाजता डहाळ्यांचे दार आतून बंद असते हे गल्लीत सर्वांना ठाऊक होते. पुढे त्याला 'पेशी', म्हणजे कोर्टातली हजेरी, असे नाव पडले. "आज पेशी आहे का, काका?" असे पोरेटोरे विचारत. "आहे," असे ते सांगत, आणि सांगताना केस नीट बसवत.

आता मूळ प्रकरणाकडे येतो.

विमलबाईंचे माहेर डोईफोडियाचे, आणि त्यांचा धाकटा भाऊ रघुनाथ तेथे केळीची शेती करतो. गावाचे नाव डोईफोडिया असून तेथील माणसाने केवळ पाने तोडली, डोकी शाबूत ठेवली, हे डहाळ्यांचे भाग्यच समजावे. तो बुधवारी केळीच्या लिलावाला आला होता. काम आटोपून दुपारी दाजींकडे टेकला. दाजी त्याच्यासाठी माव्याची जिलेबी आणायला बाहेर पडले. पाऊण तास लागला असेल; गिऱ्हाइकांची गर्दी होती आणि घाई नको.

केळीवाल्या माणसाचा हात रिकामा राहत नाही. बागेत फिरताना खालचे पिवळे, वाळके पान दिसले की विळा चालतो. ते न कापणारा शेतकरी आळशी म्हणून ओळखला जातो. रघुनाथने तीन कुंड्या पाहिल्या. प्रत्येकीला खाली एकेक पिवळे पान लोंबत होते. त्याला मेहुण्याच्या घराची लाज वाटली. त्याने खिशातला चाकू काढला.

डहाळे परत आले तेव्हा तिन्ही कुंड्या स्वच्छ होत्या.

"दाजी, तुमची झाडं लई घाण झाली व्हती," रघुनाथ हात पुसत म्हणाला. "साफ करून टाकली. खालचं पान ठिवलं का वरचा घड उपाशी राह्यतो. अन् ही पिलं बाहेर लोंबत व्हती ना, तीबी दोन काढली."

ती केळीच्या बुडाशी फुटणारी पिले नव्हती, मुळे होती. पण ते सांगण्याच्या अवस्थेत डहाळे नव्हते. त्यांनी जिलेबीचा पुडा रघुनाथच्या हातात दिला, केराच्या टोपलीतून तिन्ही पाने वेचली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि तसेच, अनवाणी, कचेरीपर्यंत चालत आले. रघुनाथने जिलेबी खाल्ली. सगळी.

"लिहा," डहाळ्यांनी फडके टेबलावर ठेवले. "ठाणेदाराला लिहा. कडक लिहा."

मी पेन उघडले. तीन वर्षे पिवळेपणाची बोटे मोजल्यावर अखेर या मनुष्याने मला माझ्या योग्यतेचे काम दिले होते. "इसमाचे नाव?"

"रघुनाथ."

"नाते?"

"बायकोचा भाऊ. नातं कापून टाका."

"नाते कापता येत नाही, डहाळे. ते पान नव्हे."

"मग असू द्या. पण लिहा, माझ्या गैरहजेरीत, धारदार शस्त्रानं."

मी घटनेचा परिच्छेद असा बांधला की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. फडक्यातल्या वस्तूंची 'मुद्देमाल' म्हणून नोंद केली. मग तक्रारीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आला. तक्रार कितीही सुंदर लिहा, पण नुकसान काय झाले हे सांगता आले नाही तर साहेब कागद बाजूला सारतो.

"हानी काय झाली?" मी विचारले.

"पानं गेली."

"ती जाणारच होती. माझ्याच हस्ताक्षरात पुरावा आहे. झाड मरेल का?"

"नाही. झाडाला काही होत नाही. मुळं नवी फुटतील."

"मग हानी काय?"

ते फडके चाचपू लागले. मी पेन कागदावर आपटले. "डहाळे, मेलेल्या पानाची तक्रार घेऊन ठाण्यात गेलो तर तीस वर्षांची माझी इभ्रत त्या पानाबरोबर केरात जाईल. काहीतरी सांगा."

"अजून पंधरा दिवस चाललं असतं ते. मोठं पान. मधली शीर हिरवी होती."

"पंधरा दिवस चालून काय करणार होते?"

"दोन रविवार," डहाळे म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिले.

"पान नसलं ना, मुन्शीजी, की ती विचारते, जेवलात का? मी म्हणतो, हो. ती म्हणते, बीपीची गोळी? मी म्हणतो, घेतली. मग तिकडं धाकटा रडतो, नाहीतर दूध उतू जातं. ठेवते हं, म्हणते. दोन मिनिटं." त्यांनी फडक्याची घडी नीट केली. "तिचीही चूक नाही. पोरांचं घर आहे. फोन हातात घेऊन काय बोलणार माणूस?"

"आणि पान असले की?"

"पान असलं की ती चष्मा लावते."

त्यांनी तळहात डोळ्यांजवळ आणून दाखवला.

"चष्मा लावून फोन अगदी जवळ घेते. मग सगळा चेहरा दिसतो तिचा. म्हणते, वळवा, खालून दाखवा, उजेडात न्या. मग बाकीचं निघतं. माहेरचं, गुडघ्याचं, सुनेचं. पानावरूनच निघतं सगळं. एकदा पाऊण तास बोलली. म्हणून मी म्हणतो, घाई नको."

कडुलिंबाखाली पंचवीस माणसे बसली होती, ज्यांना मी 'पेशी'ची गोष्ट रंगवून सांगितलेली होती. त्यांच्यापैकी कोणाकडेही त्या क्षणी पाहू नये असे मला वाटले. मी 'हानी' या शब्दापुढे पेन टेकवले. समोरचा माणूस चष्मा लावत नाही, या हानीसाठी कोणते कलम लावावे हे मला ठाऊक नव्हते. कोणत्याही वकिलाला ठाऊक असेल असे वाटत नाही. मी कागद उलटा केला.

"ठाणे राहू द्या," मी म्हणालो. "मुद्देमाल शाबूत आहे ना? रविवारी तो पूर्ववत जागेवर ठेवता येईल."

"म्हणजे? खोटं?" डहाळे दचकले. "तिला?"

"खोटे नव्हे. याला 'जैसे थे' म्हणतात. मोठमोठी न्यायालये देतात. वाद मिटेपर्यंत वस्तू होती तशी ठेवावी."

रविवारी सकाळी पावणेदहाला मी डहाळ्यांच्या घरी हजर होतो. मला खोलीत घेण्यात आले. माझ्या अंगाची गरमी त्या दिवशी माफ होती. तिवईवर कुंडी क्रमांक एक. तिच्या मागे, भिंत आणि तिवई यांच्यामध्ये, माझ्यासारखा प्रतिष्ठित मनुष्य उकिडवा बसला होता, आणि त्याने अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत एक पिवळे पान बुंध्याशी नेमके धरून ठेवले होते. डहाळ्यांनी तीन वेळा जागा दुरुस्त केली. "जरा डावीकडं. हां. श्वास हळू." फोन वाजला.

"जेवलात का?" विमलबाईंचा आवाज.

"व्हायचंय. अगं, पान बघतेस का?"

तिकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "थांबा. चष्मा लावते."

मला फोनचा पडदा दिसत नव्हता. डहाळ्यांचा चेहरा दिसत होता. त्याचे वर्णन करण्याचा प्रयत्न मी करणार नाही. मी पंचनामे लिहितो.

"जवळ घ्या. अजून. हे खालचंच का हो? पहिल्या कुंडीचं?"

"तेच. आहे अजून. मधली शीर बघ."

"हलतंय वाटतं."

"कूलरचा वारा," डहाळे म्हणाले. माझ्या गुडघ्यात कळ आली होती.

"हं," विमलबाई म्हणाल्या. "ओढू नका. राहू द्या. अहो, आमच्या घरी मोगऱ्याचं झाड होतं ना आडाशी, त्याची आई अशीच पानं..." आणि त्या बोलत राहिल्या. मोगऱ्यावरून आई, आईवरून कोणाचे तरी लग्न, लग्नावरून गुडघा. माझ्या स्वतःच्या गुडघ्याची कोणी विचारपूस केली नाही. तिकडे मूल रडू लागले, त्या म्हणाल्या, "अगं घे गं त्याला जरा, मी बोलतेय." एकंदर सव्वीस मिनिटे लागली. मी उठलो तेव्हा भिंतीला धरून उठलो.

सोमवारी रघुनाथ माझ्या टेबलापाशी आला. शेतात वाकलेल्या विजेच्या खांबाबद्दल त्याला अर्ज हवा होता. मी खांबाला हात लावण्यापूर्वी त्याला पानांवरून फैलावर घेतले. कोणाच्या घरात शिरून चाकू चालवणे शोभते का, बहिणीला हे कळले तर तिला काय वाटेल, वगैरे मी साधारण दीड परिच्छेद बोललो.

"मले काय मालूम, मुन्शीजी! मी तं सेवा केली," तो म्हणाला. "अन् अक्काले तं मी तव्हाच फोन केला. बुधवारीच. म्हटलं, अक्का, तुझ्या घरची तिन्ही पानं साफ करून आलो."

माझे पेन थांबले. "बुधवारी?"

"हौ. जिलेबी खाता खाताच."

"मग? त्या काय म्हणाल्या?"

"आधी तं चूपच. मले वाटलं फोन कटला." रघुनाथने डोके खाजवले. "मंग म्हणे, रघ्या, मले तू सांगितलं, हे त्यांना सांगू नको."

मी त्याच्या खांबाचा अर्ज लिहिला. त्यात दोन ठिकाणी खाडाखोड झाली. तीस वर्षांत माझ्या कागदावर खाडाखोड झालेली नाही.

पुढच्या रविवारी मी बोलावणे नसताना गेलो. पान आता पुरते तपकिरी झाले होते, कडा वळल्या होत्या, देठाजवळ माझ्या बोटांनी ते थोडे चुरगळले होते. ते लहान झाल्यामुळे चिमटीला आडोसा राहिला नव्हता. माझा अंगठा कुंडीच्या पुढे चांगला पेरभर आला होता, आणि त्यावर अर्जांची निळी शाई होती. डहाळ्यांच्या ते ध्यानात आले नाही. ते केस बसवत होते. मी अंगठा मागे घेतला नाही.

"थांबा," विमलबाई म्हणाल्या, "चष्मा लावते."

बराच वेळ त्यांनी पाहिले. कूलर घरघरत होता.

"आहे हो," त्या म्हणाल्या. "अजून थोडं हिरवं आहे."